चाकाच्या आधीचं पान : इतिहासाची पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांना खुलं पत्र

अभ्यास मंडळांचे सदस्य, लेखक, समीक्षक आणि संपादक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत इतिहास शिकवते. शिकवायला लागून दोन-तीनच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सहामाहीचे पेपर तपासत होते. एका गुणाचा प्रश्न होता, ‘वाहतुकीचं सर्वांत जुनं साधन कोणतं?’ आदर्श उत्तरपत्रिकेत ‘चाक’ असं छापलेलं होतं. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘पाय आणि डोकं’. डोकं म्हणजे ओझं वाहायचं डोकं, हे मला वाचताक्षणी कळलं होतं. तरी मी लाल पेनानं फुली मारली, कारण छापील उत्तर वेगळं होतं आणि गठ्ठा संध्याकाळपर्यंत संपवायचा होता. पेपर वाटल्यावर ती गुण मागायला आली नाही. आली असती तर तिला काय सांगायचं, हे माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आज आहे, आणि ते तिला सांगण्याआधी तुम्हाला सांगणं गरजेचं वाटतं, कारण ते छापील उत्तर तुमच्या पुस्तकातून आलं होतं.

दळणवळणाच्या इतिहासाचं प्रकरण तुम्ही किती वेळा नव्यानं लिहिलंत, तरी त्याची कालरेषा ठरलेली असते. चाक, गाडी, शिडाचं जहाज, वाफेचं इंजिन, मोटार, विमान. चित्रं बदलतात, क्रम तोच राहतो. माणसाच्या आजवरच्या सगळ्या प्रवासांतले बहुतेक प्रवास ज्या साधनानं झाले, ते या रेषेवर नाही. मुलं हे प्रकरण वाचून एक गोष्ट न सांगता शिकतात : रस्ता पहिल्यापासून गाड्यांचा आहे आणि त्यावर चालणारा माणूस म्हणजे गाडी न मिळालेला माणूस. पुढे यातलीच काही मुलं रस्ते आखतात, काही कायदे करतात.

माझं मागणं सरळ आहे. चालण्याचा सामाजिक इतिहास एक स्वतंत्र प्रकरण म्हणून लिहा. कोण कुठे चालू शकत होतं, कोणाला रस्त्यावरून उतरावं लागत होतं, कोण दुसऱ्यासाठी चालत होतं, कोणाच्या चालण्यावर नजर होती, याचा इतिहास. ‘माहीत आहे का तुम्हाला?’ अशी रंगीत चौकट मला नको आहे. त्या चौकटीवर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून वर्गात ती कोणी वाचत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर पाँपेईच्या एका रस्त्यापासून करा. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे रोमन शहर. तिथल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना उंच दगडी पदपथ आहेत. मधला रस्ता खोल, कारण त्यातून पाणी, शेण आणि घाण वाहायची. एका कडेवरून दुसऱ्या कडेला जाण्यासाठी मध्ये मोठमोठे दगड बसवलेले आहेत, पदपथाच्याच उंचीचे. माणूस चिखलात न उतरता दगडावरून दगडावर पाय टाकत पलीकडे जायचा. त्या दगडांच्या मधल्या फटींतून गाडीची चाकं जायची. या फटींत चाकोऱ्या पडलेल्या आहेत, दगड झिजून झालेल्या, आजही स्पष्ट दिसणाऱ्या. म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्याचे दगड आधी ठरले आणि गाडीनं स्वतःला त्यात बसवून घेतलं. हे एक चित्र पानभर छापा आणि खाली एवढाच प्रश्न विचारा की इथे कोण कोणासाठी थांबत असेल. वर्गात तास पुरणार नाही, हे मी अनुभवानं सांगते. त्याच रोममध्ये इसवी सनपूर्व ४५ च्या एका कायद्यानं दिवसा बहुतेक मालगाड्यांना शहरात यायला बंदी होती. सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे दुपार कलेपर्यंत, रस्ते पायांसाठी मोकळे. देवळांच्या बांधकामाचं सामान वगैरे काही अपवाद होते. वाहतुकीची कोंडी ही मोटारीनं आणलेली नवी अडचण आहे, असं मुलांना वाटतं. तो गैरसमज इथेच सुटतो.

शहरांचा आकारसुद्धा पायांनी ठरवला. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं की माणसं सरासरीनं दिवसाचा साधारण एक तास येण्याजाण्यात घालवतात, साधन कुठलंही असो. ताशी पाच किलोमीटरनं चालणाऱ्याला तासाभरात जाऊन परत यायचं, तर जुनी तटबंदीची शहरं सुमारे पाच किलोमीटरच्या व्यासापलीकडे वाढत नसत. लंडनमध्ये १८२९ साली घोड्यांची सार्वजनिक बस सुरू झाली, पण तिचं भाडं मजुराला परवडणारं नव्हतं. कारखान्याची शहरं उभी राहिली ती पहाटे भोंग्याच्या आधी घरातून निघालेल्या पायांवर. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात यंत्र कसं चालतं याची आकृती असते. यंत्रापर्यंत माणूस कसा पोचला, याची एक ओळ नसते.

आता भिंतीची गोष्ट. मला स्वतःला ही फार आवडते, कारण तिच्यात सगळा समाज एका फुटाच्या जागेत उभा राहतो. पदपथ होण्याआधी लंडनच्या गल्ल्यांत भिंतीलगतची बाजू कोरडी असायची. वरून फेकलेलं पाणी आणि मधल्या गटाराचे शिंतोडे तिथे कमी उडत. दोन माणसं समोरासमोर आली की भिंतीकडची बाजू कोण सोडणार, हा प्रश्न. खालच्या दर्जाचा माणूस गटाराकडे सरकायचा. बरोबरीचे असले तर भांडण, कधी हातघाई. अठराव्या शतकातले इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या आईची आठवण सांगितली आहे : तिच्या काळी लंडनमध्ये दोन प्रकारची माणसं असायची, भिंत सोडणारी आणि भिंत घेणारी. मुलगा लंडनहून परत आला तेव्हा तिनं त्याला विचारलं, तू त्यांतला कोण? जॉन्सन म्हणतात, आता तसं राहिलेलं नाही, कोणत्या बाजूनं चालायचं ते ठरलेलं आहे. १७६२ साली वेस्टमिन्स्टरसाठी फरसबंदीचा कायदा झाला आणि कडेचे उंच, सलग पदपथ घडू लागले. पदपथ म्हणजे निव्वळ दगडकाम, असं आपण समजतो. पण रोज रस्त्यात कोणी कोणापुढे वाकायचं, हा तंटा त्या दगडांनी बराचसा मिटवला.

सगळीकडे मात्र तो मिटला नाही. गांधीजींना १८९३ मध्ये पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर रेल्वेच्या डब्यातून उतरवलं, हे तुमच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्यानंतर प्रिटोरियात काय झालं, हे मला आजवर एकाही पाठ्यपुस्तकात दिसलं नाही. तिथे हिंदी लोकांना सार्वजनिक पदपथावरून चालायला मनाई होती आणि रात्री नऊनंतर परवान्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. गांधीजी रोज फिरायला जात. वाटेत ट्रान्सवालचे राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांचं घर लागे, समोर पहारेकरी असे. एके दिवशी त्या पहारेकऱ्यानं काही न सांगता, बाजूला हो असं न म्हणता, त्यांना धक्का देऊन आणि लाथ मारून पदपथावरून रस्त्यावर ढकललं. ओळखीचे एक गृहस्थ घोड्यावरून जात होते. त्यांनी पाहिलं, आणि खटला कर, मी साक्ष देतो, असं म्हणाले. गांधीजींनी नकार दिला. स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी कोर्टात जायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं. पण त्या रस्त्यानं ते पुन्हा कधी गेले नाहीत, हेही त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

रेल्वेचा प्रसंग का निवडला गेला आणि पदपथाचा का सुटला? मला वाटतं, रेल्वे ही ‘वाहतूक’ आहे आणि चालणं ही नाही, या सवयीतून. मुलांना तर पदपथाचा प्रसंग जास्त जवळचा आहे. पहिल्या वर्गाचं तिकीट त्यांतल्या कित्येकांनी पाहिलेलं नसतं. पदपथावरून बाजूला सारलं जाणं त्यांना कळतं.

त्याच धाग्यात वायकोम येतं. त्रावणकोर संस्थानातल्या या गावी देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून अवर्ण मानल्या गेलेल्यांना चालता येत नव्हतं. ३० मार्च १९२४ ला सत्याग्रह सुरू झाला आणि जवळजवळ २० महिने चालला. मागणी देवळात जाण्याची नव्हती, बाहेरच्या रस्त्यावरून जाण्याची होती. शेवटी चारपैकी तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. आणि दांडी. ती प्रत्येक पुस्तकात आहे, पण धड्यात मीठ असतं, कायदा असतो, तारखा असतात, चालणं नसतं. रेल्वे असताना साबरमतीहून दांडीला २४ दिवस, सुमारे ३८५ किलोमीटर पायी का जायचं? कारण पायांच्या गतीनं बातमी पुढे धावते, गावं रस्त्यावर येऊन उभी राहतात, रोज नवी सभा होते, आणि सरकारला रोज ठरवावं लागतं की आज पकडायचं की नाही. रेल्वेनं गेले असते तर हे सगळं एका दिवसात संपलं असतं. कायदेभंग मिठाचा होता, आणि त्याला जो वेळ मिळाला तो चालण्यामुळे मिळाला.

बायकांच्या चालण्याबद्दल मी वर्गात आपल्या शब्दांपासून सुरुवात करते. पुरुष भटकला तर तो ‘भटक्या’, त्यात थोडं कौतुकही असतं. बाई भटकली की ‘भटकभवानी’. पाऊल ‘वाकडं’ पडतं ते बहुतेक वेळा बाईचंच. फळ्यावर हे शब्द लिहिले की मुली एकमेकींकडे बघतात आणि मुलं गप्प होतात. मग मी इंग्रज कवी विल्यम वर्डस्वर्थची बहीण डोरोथी हिचं पत्र सांगते. साल १७९४. ती बावीस वर्षांची होती आणि भावाबरोबर केंडालहून ग्रासमीरला १८ मैल आणि तिथून केझिकला १५ मैल चालत गेली होती. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला पत्रातून सुनावलं की पायी रानोमाळ हिंडणं शोभत नाही. डोरोथीनं उलट टपाली कळवलं की निसर्गानं दिलेली ताकद वापरायचं धाडस मी केलं याचा तुम्हाला आनंद व्हायला हवा होता. घोडागाडीत बसण्यापेक्षा मला कितीतरी जास्त सुख मिळालं आणि वर निदान तीस शिलिंग वाचले. तीस शिलिंगांचा हिशेब मुलींना फार आवडतो. तिच्या भावाचं चालणं इंग्रजी साहित्याच्या इतिहासात गाजलं. लेखक थॉमस डी क्विन्सी यांच्या अंदाजानं तो आयुष्यात पावणेदोन लाख मैलांच्या वर चालला. त्याला या चालण्याचा खुलासा द्यावा लागला, असं कुठे वाचलेलं नाही.

पॅरिसमध्ये १८३१ च्या सुमारास जॉर्ज साँद या लेखिकेनं पुरुषी कोट आणि टाचेला लोखंडी नाल ठोकलेले बूट घातले, कारण बायकी नाजूक चपला दोन दिवसांत फाटत आणि झगा चिखलात लोळे. त्या टाचांवर उभं राहिल्यावर पदपथावर पाय घट्ट रोवता येतो, असं तिनं लिहिलं. त्याच शहरात १८०० सालचा एक हुकूम होता की पोलिसांच्या परवानगीशिवाय बाईनं पुरुषी वेष करायचा नाही. तो रद्दबातल असल्याचं सरकारनं अधिकृतपणे सांगितलं २०१३ साली. आणि इंग्लंडमध्ये १८६४ पासून लष्करी छावण्यांच्या शहरांत पोलिसांना नुसत्या संशयावरून रस्त्यावरच्या बाईला पकडून सक्तीनं वैद्यकीय तपासणीला पाठवता येत असे. जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लढून १८८६ मध्ये ते कायदे रद्द करायला लावले. एकटी बाई रस्त्यावर का, हा प्रश्न तिथे कायद्याच्या कलमात लिहिलेला होता.

इथे मला त्या मुलीच्या उत्तराकडे परत यायचं आहे. पाय आणि डोकं. १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं वाहताना त्यांच्या शरीराला जादा ऊर्जा लागत नाही. तेवढंच ओझं पाठीवर घेतलेल्या सैनिकाला लागते. ही काही जन्मजात देणगी नव्हे. लहानपणापासून रोज, वर्षानुवर्षं ओझं वाहून अंगात भिनलेली ती चाल आहे. हंडा डोक्यावर असलेल्या बाईकडे नीट बघा. मान हलत नाही, कमरेपासून खालचं सगळं अंग हेलकावे झेलतं, पाणी सांडत नाही. जगात आजही सुमारे १८० कोटी लोकांच्या घराच्या आवारात पाणी नाही, आणि अशा दर १० घरांपैकी ७ घरांत पाणी आणायचं काम मुख्यतः बायका-मुलींवर असतं. हे चालणं कुठल्याच वाहतुकीच्या आकडेवारीत बसत नाही. दुसरीकडे १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’. तिथून तो आकडा जगभर आरोग्याचा मंत्र झाला. एकाच ग्रहावर एकीची पावलं कोणी मोजत नाही आणि दुसरा मोजण्यासाठी पैसे देतो, हे मुलांना तुलनेच्या तक्त्यात मांडायला सांगा.

चालणं म्हणजे गरिबी, चालणं म्हणजे संशय, ही समजूतही जुनी आहे. १७८२ मध्ये कार्ल फिलिप मोरित्झ हा जर्मन लेखक इंग्लंडमध्ये पायी फिरला. खानावळीत त्याला धड जागा मिळेना, कारण पायी येणारा म्हणजे भिकारी किंवा त्याहून वाईट. १८२४ च्या इंग्लिश भटकेगिरी कायद्यानं निराधारपणे फिरणं हाच गुन्हा केला. त्याच देशात मात्र आणखी एक गोष्ट होती आणि आहे. लोक एखाद्या वाटेनं अडथळ्याविना २० वर्षं जात राहिले, तर ती सार्वजनिक वाट मानली जाते. मालकानं आधीच तसा इरादा नसल्याचं जाहीर केलेलं नसेल तर. आपल्याला हे परकं वाटू नये. ‘वहिवाट’ या शब्दात वाट आहे, ‘पायंडा’ या शब्दात पाय आहे, ‘चालीरीती’ची सुरुवातच चालीनं होते. रूढी आणि हक्क यांसाठी आपण जे शब्द वापरतो ते चालत्या पायांतून आलेले दिसतात, आणि तुमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही ते जागोजागी आहेत. फक्त तिथे पाय कोणाला दिसत नाही.

आणखी एक प्रसंग जरा विस्तारानं, कारण तो दांडीइतकाच प्रकरणात हवा. जानेवारी १९५७. जोहान्सबर्गजवळची अलेक्झांड्रा ही कृष्णवर्णीयांची वस्ती. बसचं भाडं चार पेन्सवरून पाच पेन्स झालं. एक पेनी म्हणजे काय, असं वाटेल. ज्यांचं घर आठवड्याच्या पगारात कसंबसं भागत होतं, त्यांना ती पेनी मोठी होती. लोकांनी घोषणा दिली, ‘अझिक्वेल्वा’, आम्ही चढणार नाही. मग पहाटे अंधारात निघायचं, शहरात जाऊन लोकांची घरं झाडायची, कारखान्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी तेवढंच चालत परतायचं. जाऊन-येऊन रोजचे सुमारे ३० किलोमीटर. तीन महिने. काही गोऱ्या मोटारवाल्यांनी वाटेत लोकांना गाडीत घेतलं, तर पोलिसांनी त्यांना अडवायला सुरुवात केली. शेवटी भाडं पूर्वीइतकं ठेवावं लागलं आणि फरक मालकांवर बसवण्यासाठी कायदा झाला. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीचा वर्णभेदाविरुद्धचा ३८१ दिवसांचा बस बहिष्कार तुम्ही शिकवता. ‘बहिष्कार’ हा शब्द वाचून मुलांना वाटतं, लोकांनी काहीतरी करायचं थांबवलं. सामायिक गाड्यांची व्यवस्था होती हे खरं, पण हजारो माणसं, त्यांत स्वयंपाकिणी आणि मोलकरणी, पावसात-थंडीत चालत राहिली. धड्यात त्यासाठी एक क्रियापद तरी द्या.

मोटार आल्यावर काय झालं, हे मी थोडक्यात लिहिते, कारण प्रकरणाचा हा भाग लिहिणं सोपं आहे आणि साधनंही भरपूर आहेत. १८९६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली आली. पायी चालणाऱ्या माणसाचा ब्रिटनमधला हा असा पहिला नोंदलेला मृत्यू. मरणोत्तर चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा बोलून दाखवली. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ४२,००० नागरिकांनी सह्या करून मागणी केली की मोटारींना असं यंत्र बसवा, की त्या ताशी २५ मैलांच्या वर धावूच शकणार नाहीत. मोटार विकणाऱ्यांनी विरोधात जोरदार प्रचार केला आणि मतदानात प्रस्ताव पडला. त्याच सुमाराला वाटेल तिथे रस्ता ओलांडणाऱ्याला ‘जे’ म्हणून हिणवणं रुळलं. ‘जे’ म्हणजे गावंढळ. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसनं तसा नियमच केला. जी गोष्ट माणसं हजारो वर्षं करत आली होती, ती एका पिढीत अडाणीपणा आणि गुन्हा झाली. मुलांना ४२,००० सह्यांचा आकडा आवर्जून सांगा. त्यांना कळू दे की लोक आपणहून बाजूला झाले नव्हते.

या बदलाचा शेवट मुलांच्याच पायांपाशी येतो. इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये ते प्रमाण ९ टक्के झालं. अवघी १९ वर्षं. संशोधक मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासाचा आलेख पुस्तकात छापा, त्याला अवघ्या दोन काड्या लागतात. नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात आईबाप ‘मुलांच्या हत्या थांबवा’ म्हणून रस्त्यावर बसले, तेव्हा तिथे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला गाडीहून आधी मान देणारे निवासी रस्ते १९७६ मध्ये कायद्यात आले. म्हणजे हे उलटंही फिरवता येतं.

तुमच्या बैठकीत यावर एक आक्षेप येईल, तो मला माहीत आहे, कारण एका प्रशिक्षणात मी हा विषय काढला तेव्हा तो आला होता : चालण्याची कागदपत्रं नाहीत. आहेत. टांझानियात लाएटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीच्या ओल्या राखेत उमटलेली पावलं १९७८ मध्ये सापडली. टाच आधी, अंगठ्यानं शेवटचा रेटा, आपल्यासारखीच. इतकं जुनं कागदपत्र दुसऱ्या कुठल्या साधनाचं आहे? लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील वृत्तांत सर्वांना खुले आहेत. त्यांत साक्षीदार सांगतात, मी कामावरून परतत होतो, अमुक गल्लीतून वळलो, तेव्हा आवाज आला. खटला चोरीचा असतो, पण साक्षीत त्या माणसाची रोजची वाट असते. वेल्समधल्या मुली उन्हाळ्यात टोळीनं लंडनच्या बागांत खुरपणीला पायी जात, वाटेत मोजे विणत. त्यांची आठवण लोकांनी ठेवली आहे. झिजलेल्या पायऱ्या, बुटांचे तळ, भटकेगिरीच्या खटल्यांच्या नोंदी, पत्रं, हे सगळं साधन आहे. राजांच्या वंशावळी जमवायला आपण जेवढे कष्ट घेतले, त्याचा थोडा भागही इथे पुरेल.

दुसरा आक्षेप असा येईल की यातून चालण्याचं उदात्तीकरण होईल. माझीही तीच भीती आहे, म्हणून सांगते : पायपिटीला पायपीट म्हणा. पाण्यासाठी तासभर चालणाऱ्या मुलीला नळ हवा असतो आणि दवाखान्यासाठी रात्रभर चाललेल्या बापाला गाडी. ते त्यांना मिळायलाच हवं. प्रकरणात वणवण आणि रमतगमत फिरणं दोन्ही असू द्या, आणि कोणाच्या वाट्याला काय आलं ते सांगा.

शेवटी एक उपक्रम सुचवते. मी तो करून पाहिला आहे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारायचं : रोज चालत कुठे जात होता, कशासाठी, किती वेळ लागायचा, वाटेत कोणती जागा टाळायची, कोण दिसलं की बाजूला व्हायचं. शेवटचे दोन प्रश्न सोडू नका, बहुतेक खरी माहिती तिथे मिळते. पहिल्या वर्षी एका मुलानं आणलेल्या वहीत पहिली ओळ होती, ‘आजी म्हणाली, मी कुठे चालले? मी तर घरीच होते.’ त्याखाली त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात यादी होती. पाण्याला दोनदा. लाकडाला एक दिवसाआड. शेतावर पुरुषांचा डबा घेऊन. माहेरी वर्षातून एकदा, उजाडायच्या आत निघून. तीन घरं सोडून पलीकडच्या दारावरून नाही, मागच्या बांधावरून. पान उलटल्यावर आणखी चार ओळी, आणि सगळ्यात खाली, ‘तुझ्या बाबाला ताप होता तेव्हा कडेवर घेऊन दवाखान्यात, रात्री, दोन वेळा.’

ती वही माझ्याकडे आहे. नव्या आवृत्तीसाठी हवी असेल तर त्या घराला विचारून पाठवून देईन.

कळावे.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका